आवडीनिवडी आणि खाडे

तुझ्या प्रश्नावलीत आवडता रंग हा प्रश्न तू पहिला ठेवलास, म्हणजे तुला तो सोपा वाटला असणार. महाराष्ट्रात राहून हा प्रश्न सोपा वाटणाऱ्या माणसाचं मला कौतुक आहे. भगवा म्हणालो तर एक अर्थ निघतो, निळा म्हणालो तर दुसरा, हिरवा म्हणालो तर तिसरा, आणि पिवळा म्हणालो तर ‘कुठल्या मोर्चात होतास?’ असं विचारतात. म्हणून राखाडी. राखाडी रंगाचा झेंडा आमच्या तालुक्यात तरी अजून कुणी काढलेला नाही. शिवाय राखाडी आवडणारा मुलगा विचारी वाटतो. माझ्याकडे राखाडी रंगाची एकही वस्तू नाही. एक पांढरा बनियन त्या दिशेने निघालाय, एवढंच.

तू वर लिहिलंयस, ‘जास्त विचार करू नको, मनापासून लिही.’ मला या दोन्ही गोष्टी एकदम जमत नाहीत. मनापासून लिहायचं तर मन आधी नीट आवरायला नको का? पाहुणे येणार म्हटल्यावर आपण कॉटवरचे कपडे कॉटखाली ढकलतोच ना. तर मी प्रॅक्टिकलच्या वहीच्या मागच्या पानांवर उत्तरं आधी कच्ची लिहून काढली आणि त्यातली दाखवण्याजोगी तुला पाठवतोय.

तुझ्या माहितीसाठी सांगतो (म्हणजे मला माहीत आहे हे तुला कळावं म्हणून), 1865 साली कार्ल मार्क्सच्या मुलींनी बापाला अशीच प्रश्नावली भरायला लावली होती. त्या काळी इंग्लंडात घरोघरी हा खेळ चालायचा. मार्क्सने आवडता रंग लाल लिहिला. त्याच्याकडून दुसरी अपेक्षाही नव्हती. नायक म्हणून स्पार्टाकस आणि केप्लर, आवडतं काम म्हणजे पुस्तकांत किडा होऊन बसणं, आणि खाण्यात मासे. तीन वर्षांनी एंगल्सची पाळी आली. त्याने सुखाच्या व्याख्येत 1848 सालची शातो मार्गो वाइन लिहिली, आणि दुःखाच्या व्याख्येत दाताच्या डॉक्टरकडे जाणं. ज्या साली दोघांनी मिळून जगातल्या कामगारांसाठी जाहीरनामा छापला, नेमकी त्याच सालची वाइन! मी तुझी उत्तरं लिहायला बसतो तेव्हा डोळ्यांसमोर मार्क्स असतो, पण कच्च्या वहीत उतरतो तो एंगल्स. तोही वाइनशिवाय.

छंदाच्या रकान्यात ‘वाचन’ लिहिणार होतो, पण रूममेटने हात धरला. तो स्पर्धा परीक्षेवाला आहे. त्यांच्या त्या डॅफ नावाच्या अर्जात छंद भरावे लागतात आणि मुलाखतीला 275 गुण असतात, त्यामुळे त्याने छंदाचा जेवढा अभ्यास केलाय तेवढा इतिहासाचाही केलेला नाही. त्याचं म्हणणं, वाचन लिहिलंस की समोरचा विचारतो, सध्या काय वाचतोयस? मग घाम फुटतो. छंद असा लिहावा की समोरच्याला त्यात गती नसावी आणि आपल्याला असल्याचं तपासता येऊ नये. त्याने स्वतः ट्रेकिंग लिहिलंय. तो आजवर चढलेली सर्वांत मोठी चढण म्हणजे पर्वतीच्या 103 पायऱ्या, आणि त्यातही मध्ये एकदा बसला होता.

आवडता गायक: पक्क्या प्रतीत कुमार गंधर्व. पुण्यात हे नाव घेताना जरा जपावं लागतं, कारण लगेच पलीकडून कुणी काका ‘वा! त्यांचा कुठला राग विशेष?’ असं विचारतात. तेव्हा डोळे मिटून मान हलवायची आणि ‘काय सांगायचं’ एवढंच म्हणायचं. आजवर निभावलंय. कच्च्या वहीत अजय-अतुल आहेत. 2016 मध्ये ‘सैराट’ आला आणि आमच्या भागातल्या एकाही वरातीला त्यानंतर दुसरं गाणं सुचलेलं नाही. वरातीत मी कसा नाचतो ते तू पाहिलेलं नाहीस आणि तसंच राहू दे.

आवडतं पुस्तक ‘कोसला’. बाहेरगावाहून पुण्यात शिकायला आलेल्या मुलाला यात निवड नसते. 1963 सालची कादंबरी, पण आमच्या होस्टेलमध्ये अजून प्रत्येकाला ती स्वतःवर लिहिलेली वाटते. वाचून झाल्यावर आठवडाभर मी प्रत्येक वाक्याला ‘वगैरे’ लावत होतो. शेवटी मेसच्या काकूंनी विचारलं, ‘पोळी हवीय की पोळी वगैरे हवीय?’ तेव्हा थांबलो. पण एक सांगतो. त्यातला सांगवीकर मेसचा सेक्रेटरी होतो आणि गोत्यात येतो, तो भाग वाचताना माझ्या पोटात जे कालवलं ते प्रेमाबिमाच्या पानांवर कालवलं नाही. कारण मेस हा माझा खरा विषय. तू त्यावर एकही प्रश्न विचारला नाहीस. तुम्ही पुण्यातली माणसं घरी जेवता.

तर खाडा. तुला हा शब्द कदाचित कामवाल्या मावशींमुळे माहीत असेल. मेसचा खाडा हे वेगळं शास्त्र आहे. पैसे महिन्याचे आगाऊ भरलेले असतात. आपण गावी गेलो की न जेवलेल्या दिवसांचे पैसे पुढच्या महिन्यात वळते व्हावेत, ही आपली भूमिका. आमच्या मेसमध्ये हात धुण्याच्या बेसिनवर पाटी आहे: खाडा आदल्या दिवशी सांगावा. एका वेळचा खाडा धरला जाणार नाही. सलग तीन दिवसांखालील खाडा धरला जाणार नाही. तोंडी खाडा धरला जाणार नाही. आणि खाली, नंतर सुचल्यासारखं, वेगळ्या शाईत: फीस्टच्या दिवशीचा खाडा कोणत्याही परिस्थितीत धरला जाणार नाही. ‘कोणत्याही परिस्थितीत’च्या खाली दोन रेघा आहेत. त्या दोन रेघांमागे कुणाची तरी आजी वारलेली असणार, असं मला नेहमी वाटतं.

या पाटीतून वाट काढणारे वकील आमच्यात आहेत. शुक्रवारी संध्याकाळी निघून सोमवारी सकाळी परत, हे किती दिवस? काकू म्हणतात दोन, मुलगा म्हणतो चार, कारण त्याच्या मते शुक्रवार आणि सोमवार दोन्हीकडे अर्धं-अर्धं पोट रिकामं होतं. मी दिवाळीच्या खाड्यासाठी चक्क अर्ज लिहिला होता. ‘महोदया’ने सुरुवात, ‘आपला विश्वासू’ने शेवट. कॉलेजात मला आजवर कुठल्याही लेखी कामाला इतकी दाद मिळालेली नाही. काकूंनी तो अर्ज देवाच्या फोटोखाली खिळ्याला अडकवला आणि नामंजूर केला. म्हणाल्या, ‘तू नव्हतास, पण तुझ्या नावाचा भात शिजला होता रे.’ या वाक्यावर काय युक्तिवाद करणार? मी भांडायला गेलो होतो आणि वाटीभर चिवडा खाऊन परत आलो.

रविवारी दुपारी फीस्ट. पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, काकडीची कोशिंबीर आणि गोड एकदाच वाढले जाईल. जिलबी असली तर ती मोजून येते आणि वाढणाऱ्या दादाची नजर आपल्या ताटावर नसते, आपल्या डोळ्यांवर असते. त्या दुपारी आम्ही असं जेवतो की जणू पुढे दुष्काळ आहे. आणि असतोच, कारण रविवारी संध्याकाळी मेस बंद. तू ‘वीकेंड कसा घालवायला आवडतो?’ असं विचारलंयस. पक्की प्रत म्हणते, जुन्या पेठांतून पायी भटकायला. कच्ची वही म्हणते, भटकतो खरा, पण रविवारी संध्याकाळी, आणि वडापावची गाडी कुठे लागलीय ते बघत.

आवडत्या पदार्थाचं उत्तर यामुळेच अडलंय. मी लातूरकडचा. आमच्याकडे काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीची भाकरी, आणि तालुक्याला गेलं तर गाड्यावरचा निलंगा राईस, ज्यात तिखट किती असतं ते खाताना नाही, नंतर कळतं. असा मी पुण्यात आलो आणि पहिल्या दिवशी मेसची आमटी तोंडात घातली. वाटलं, स्वयंपाकघरात काहीतरी अपघात झालाय. शेजारच्या मुलाला हळूच म्हटलं, ‘आमटीत गूळ सांडलाय.’ तो म्हणाला, ‘सांडला नाही, घातलाय.’ त्या गुळावर मी वर्षभर चिडून होतो. घरी फोनवर सांगायचो, इथं वरणाला वरण म्हणत नाहीत, शिरा म्हणतात. मग मागच्या उन्हाळ्यात घरी गेलो, आईच्या हातची आमटी भुरकली आणि वाटलं, काहीतरी कमी आहे. विचार करायच्या आधी तोंडातून गेलं, ‘जरा गूळ टाकला असता तर?’ आईने परातीतून मान वर केली. म्हणाली, ‘केळं पण कुस्करून देऊ का?’ आबा दिवसभर हसत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘पोरगं पुण्याचं झालं’ म्हणून सांगत होते. ही आवड माझ्यात कधी शिरली, कुणाला विचारून शिरली, मला पत्ताच नाही. असल्या माणसाने आवडीचे रकाने भरायचे म्हणजे दुसऱ्याच्या नावावर सही करण्यासारखं आहे.

मूळ गाव. हा प्रश्न तू सहज विचारलास आणि मी त्यावर सर्वांत जास्त वेळ बसलो. गावचा मुलगा या प्रश्नाचं खरं उत्तर फक्त गावातच देतो. औशात विचारलं तर गावाचं नाव सांगतो, लातुरात औसा सांगतो, पुण्यात लातूर सांगतो. आणि लातूर म्हटलं की पुण्यातल्या माणसाच्या चेहऱ्यावर ठरलेल्या गोष्टी उमटतात. कॉलेजमधला असला तर ‘अरे वा, लातूर पॅटर्न!’ मग माझे मार्क कळले की तो जरा नाराज होतो, जणू मी त्याला नकली माल विकला. कुणी म्हणतं, ‘तुमच्याकडे ती पाण्याची ट्रेन आली होती ना?’ आली होती, 2016 साली, मिरजेहून. त्यानंतर मी आंघोळ करतो का, असंही एकाने विचारलंय. कुणी म्हणतं, ‘रितेश देशमुख ओळखीचा का?’ आणि पन्नाशीच्या पुढचं कुणी असलं तर नुसतं ‘अरेरे’ म्हणतं आणि माझ्याकडे असं बघतं की मी कालच ढिगाऱ्याखालून निघालोय. आमच्या जिल्ह्यात एक तर मार्क पडतात नाही तर घरं पडतात, मधलं काही घडतच नाही, अशी सगळ्यांची समजूत आहे. मधलं पुष्कळ घडतं. पोरं क्रिकेट खेळतात, सोयाबीनचा भाव पडतो, लग्नांत मानपानावरून रुसवे होतात. त्यातलं कुणी विचारत नाही म्हणून राग येतो, आणि राग आला की माणूस आणखी लातूरचा वाटतो.

‘बालपणीचं घर कसं होतं?’ याला मी पक्क्या प्रतीत ‘मोठं, मोकळं’ लिहिलंय. ते खोटं नाही. 30 सप्टेंबर 1993 ला, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा माझा जन्मही नव्हता. नंतर 52 गावं उठवून नव्या जागी वसवली, त्यातल्या एका गावात मी वाढलो. रस्ते सरळ, घरांना नंबर, दोन घरांत एवढं अंतर की शेजाऱ्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. आबांचं जुनं घर माळवदाचं होतं. दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडं आणि मातीचा थर. आत उन्हाळा कळायचा नाही, असं आबा सांगतात. त्या गारव्याचं ते इतकं सांगतात, की त्याच भिंतींनी आणि त्याच मातीने काय केलं ते सांगायचं राहून जातं. आम्हीही विचारत नाही. नव्या घराला भूकंपात टिकेल अशी पक्की खोली मिळाली. त्या खोलीत पहिल्यापासून सोयाबीनची पोती आहेत. आबा बाजूच्या पत्र्याखाली झोपतात. मेमध्ये पत्रा तापून चटके बसतात तरी तिथेच. इंजिनिअर येऊन समजावून गेले, सिमेंटच्या कंपन्यांची पोरं समजावून गेली, मी विज्ञानाचं पुस्तक घेऊन समजावलं. आबा सगळं ऐकून घेतात आणि म्हणतात, ‘पत्रा पडला तर उचलता येतो.’

यानंतर तुझा प्रश्न आहे, ‘समुद्र की डोंगर?’ आमच्याकडे माळ आहे. माळ हा पर्याय तू दिलेला नाहीस.

बाकीचे पटपट उरकतो. स्वभावातला दोष: फार प्रामाणिक. (हे उत्तर सगळेच देतात, म्हणून मीही देतो.) भीती कशाची: पालीची, आणि परीक्षेत सोपा पेपर आला तर त्याची, कारण मग सांगायला कारण उरत नाही. पाच वर्षांनी कुठे असशील: रूममेट म्हणतो कलेक्टर ऑफिसात. माझ्यासाठीही तोच म्हणतो, फक्त कुठल्या टेबलाच्या कुठल्या बाजूला ते सांगत नाही. प्रेमात पडला आहेस का: हा प्रश्न तू यादीतल्या सगळ्यांना पाठवलास की मलाच, ते आधी कळव, मग कच्ची वही उघडतो.

आता माझे प्रश्न. रंगाबिंगाचं विचारत नाही. तुमच्याकडे आमटीत गूळ किती घालतात? घरात नव्याने आलेल्या मुलाने तिसऱ्यांदा भात घेतला तर तुझ्या आईला आनंद होतो की ती नंतर काही बोलते? तुमच्या कोथरूडहून आमच्या पेठेत परत यायला रात्री शेवटची बस कितीची? आणि रविवारी संध्याकाळी तुम्ही साधारण किती वाजता जेवायला बसता?