पेट्रोल कंपनीचं, वीज घरची

इंग्लंडात ‘द माइल्स कन्सल्टन्सी’ नावाची एक संस्था आहे. कंपन्यांनी आपल्या साहेबलोकांना दिलेल्या गाड्या किती धावल्या आणि किती प्यायल्या, याचा हिशेब ठेवणं हा तिचा धंदा. २०१८ साली तिने सुमारे दीड हजार प्लग-इन हायब्रिड गाड्यांची इंधनाची बिलं मांडून पाहिली. कागदावर या गाड्यांचं अ‍ॅव्हरेज होतं लिटरला ४६ किलोमीटर. रस्त्यावर निघालं १४. आपल्याकडे कुणाची अशी फसगत झाली असती, तर त्याने गाडीला गाढवं जुंपून, पुढे बँड लावून ती शोरूमपर्यंत ओढत नेली असती आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला असता. तिकडे कुणी गाढव शोधायला गेलं नाही. कारण यातल्या काही गाड्यांच्या डिकीत चार्जिंगची वायर सापडली ती कारखान्यातून निघाली तशी, प्लास्टिकच्या वेष्टनात, न फोडलेली. टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक आपणही काढत नाही म्हणा. पण म्हणून चॅनेल बदलायला कुणी खुर्चीतून उठत नाही.

ज्यांचा या प्राण्याशी अजून संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. साध्या हायब्रिडमध्ये पेट्रोलचं इंजिन असतं, जोडीला विजेची मोटर असते. ब्रेक मारताना वाया जाणारी शक्ती आणि इंजिनाची उरलीसुरली ताकद यांवर तिची छोटीशी बॅटरी भरते. बाहेरून वीज घ्यायला तिला तोंडच नाही. प्लग-इन हायब्रिडला ते असतं. बॅटरी मोठी, गाडीच्या अंगावर एक झाकण, झाकणाआड सॉकेट. रात्री वायर लावायची. गाडीतला चार्जर घरच्या एसी विजेची डीसी करतो आणि ती शेकडो व्होल्टच्या बॅटरीत भरत बसतो. सकाळी पेट्रोलचा थेंब न जाळता ऑफिस गाठायचं. लांब जायचं झालं तर इंजिन आहेच. कल्पनेत खोट काढायला जागा नाही. फक्त रात्री वायर लावायला एक माणूस लागतो.

आणि असा माणूस जगात नव्हताच असंही नाही. २००४ची टोयोटा प्रियस घ्या. २०१.६ व्होल्टची बॅटरी, पण वीज मावणार जेमतेम सव्वा युनिट. ही गाडी प्लगला लावावी लागत नाही, हे कंपनी अभिमानाने सांगत होती. जपान आणि युरोपातल्या प्रियसला निव्वळ विजेवर चालवायचं एक बटण होतं. अमेरिकेतल्या गाडीत त्या जागी नुसती कोरी टोपी. अमेरिकेतल्या काही मालकांच्या मनाला ती टोपी इतकी लागली की त्यांनी डॅशबोर्ड खोलून बटण स्वतःच बसवलं. कॅलिफोर्नियातले फेलिक्स क्रेमर आणि त्यांची ‘कॅलकार्स’ ही संस्था तर त्याच्याही पुढे गेली. त्यांचे इंजिनियर सहकारी रॉन ग्रेम्बन यांनी प्रियसमध्ये शिसे-आम्लाच्या जादा बॅटऱ्या ठासल्या, घरच्या सॉकेटपर्यंत वायर काढली आणि कंपनीला जे नको होतं ते करून दाखवलं. वॉरंटीवर पाणी सोडायचं, गाडीत शिशाचं ओझं वाहायचं, आणि वर उच्च दाबाच्या तारांशी खेळ. पण गाडी प्लगला लागते! हे लोक रात्री वायर लावून, झोपण्यापूर्वी एकदा ‘भरतेय ना’ म्हणून बघूनही येत असणार. गाडीवर त्यांचं प्रेम होतं, हा एक मुद्दा झाला. गाडी त्यांची स्वतःची होती, हा दुसरा, आणि पुढच्या गोष्टीत तोच कामाला येणार आहे.

दहा वर्षांनी, २०१४ साली, मित्सुबिशीची आउटलँडर पीएचईव्ही इंग्लंडात उतरली. १२ युनिटची बॅटरी, तोंड कारखान्यातूनच दिलेलं, सोबत पिशवीत वायर. कुणाला काही खोलायला नको, ठासायला नको. सरकारने खरेदीला ५,००० पौंड दिले. मध्य लंडनात शिरताना द्यावा लागणारा गर्दीचा कर माफ केला. कंपनीची गाडी घरी वापरणाऱ्यांना जो आयकर बसतो, त्यासाठी गाडीच्या किमतीचे फक्त ५ टक्के धरायचं ठरलं; तेवढ्याच आकाराच्या डिझेल गाडीला याच्या कितीतरी पट. हे सगळे लाड एका आकड्याच्या जोरावर. लिटरला ५२ किलोमीटर.

हा आकडा कसा जन्मला ते सावकाश पाहण्यासारखं आहे. प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चढवली. पूर्ण भरलेल्या बॅटरीवर ती ५२ किलोमीटर गेली (दोन्ही ५२ हा निव्वळ योगायोग). मग रिकाम्या बॅटरीवर चालवली, तेव्हा १०० किलोमीटरला ५.८ लिटर पेट्रोल लागलं. आता दोन्हींची सांगड घालायची. युरोपातल्या त्या वेळच्या नियमाने यासाठी एक आदर्श माणूस कल्पिला होता. हा माणूस बॅटरीवरचे ५२ किलोमीटर संपवतो, त्यानंतर पेट्रोलवर फक्त २५ किलोमीटर जातो, आणि तिथे थांबून गाडी प्लगला लावतो. नेहमी. सासुरवाडीला जायचं निघालं तरी २५. रस्ता चुकला तरी २५. अशा ७७ किलोमीटरला साधारण दीड लिटर पेट्रोल लागतं, करा भागाकार. श्रावणातल्या कहाण्यांमध्ये असली नेमस्त माणसं भेटतात, पण त्यांच्या व्रतावर कुणी आयकर सवलत मंजूर केल्याचं ऐकिवात नाही.

आता हा २५ किलोमीटरवाला सज्जन शोधायला आपण लीड्सहून लंडनला निघालेल्या सेल्स मॅनेजरच्या गाडीत बसू. एका बाजूने तीनशे किलोमीटर. खिशात कंपनीचं फ्युएल कार्ड. पंपावर नळी लावली, कार्ड घासलं, चॉकलेट घेतलं, निघाले. पैसे कंपनीचे. (चॉकलेटचे त्याचे, इतका तो प्रामाणिक आहे.) घरी वायर लावली तर वीज घरच्या मीटरवर चढणार, बिल घरच्या टेबलावर येणार आणि ‘या महिन्यात एवढं कसं?’ हा प्रश्नही घरातूनच येणार. ते पैसे कंपनीकडून मागायचे तर दर काय लावायचा? घरच्या चार्जिंगसाठी मैलाला ४ पेन्स हा सरकारी दर आला २०१८च्या सप्टेंबरात, आणि तोसुद्धा निव्वळ इलेक्ट्रिक गाड्यांना. हायब्रिड हिशेबापुरती पेट्रोल-डिझेलचीच मानायची, असं खुद्द सरकारनेच सांगितलं. म्हणजे कर लावताना विजेची, खर्च देताना पेट्रोलची.

तर या मॅनेजरने काय करावं अशी अपेक्षा आहे? नोव्हेंबरातल्या रात्री, इंग्लंडातल्या पावसात, जेवण झाल्यावर बाहेर जायचं. डिकी उघडायची, पिशवीतून वायर काढायची, तिचे वेटोळे सोडवायचे, झाकण उघडून ‘खट्’ वाजेपर्यंत दाबायची. सकाळी तीच वायर, आता ओली आणि चिखलाची, टाय सांभाळत गुंडाळायची आणि परत पिशवीत. एवढं करून कंपनीचे पैसे वाचवायचे, तेही स्वतःचे घालून. असा माणूस खरंच सापडला तर त्याला गाडी देऊन भागणार नाही, चौकात पुतळा उभारावा लागेल.

गाडी बनवणारे मात्र मनुष्यस्वभाव जाणून होते. आउटलँडरमध्ये ‘चार्ज’ नावाचं एक बटण आहे. ते दाबलं की इंजिन धावता धावता बॅटरी भरतं. पाऊस नको, वायर नको, घरचं बिल नको. पेट्रोलने वीज करा, आणि त्या विजेवर शहरात शांतपणे, धूर न सोडता शिरा. बॅटरी नाहीच भरली तरी ती रिकामीच्या रिकामी साहेबांबरोबर रोज मोटरवेवरून ये-जा करते, आणि तिला वाहून न्यायला लागणारं पेट्रोल अर्थात कार्डावर.

ब्रिटिश सरकारच्या हे लक्षात आलं तेव्हा, २०१८च्या ऑक्टोबरात, त्याने प्लग-इन हायब्रिडचं अनुदान बंद करायचं जाहीर केलं. जाहीर होताच लोकांची एवढी झुंबड उडाली की ठरलेल्या तारखेच्या आधीच खिडकी बंद करावी लागली. ज्यांना वायर काढायला वेळ नव्हता, त्यांना अर्ज भरायला बरोबर मिळाला. जर्मनीने २०१९पासून कंपनीच्या प्लग-इन गाडीवरचा करपात्र हिस्सा दरमहा किमतीच्या एक टक्क्यावरून अर्ध्यावर आणला होताच. अट एवढीच की कागदावर धूर कमी असावा किंवा गाडीत ठरावीक अंतर विजेवर जाण्याची क्षमता असावी. ती वापरावी असं काही म्हटलेलं नव्हतं. २०२२मध्ये तिथल्या फ्राउनहोफर संस्थेने आणि आयसीसीटी या संस्थेने मिळून पाहिलं, तर युरोपात कंपनीच्या प्लग-इन गाड्यांचा विजेवरचा प्रवास ११ ते १५ टक्के निघाला. स्वतःच्या पैशाने घेतलेल्यांचा ४५ ते ४९. गाडी तीच, वायर तीच, पाऊसही तोच.

हिशेब पक्का व्हावा म्हणून नव्या गाड्यांमध्ये इंधन मोजणारं यंत्र आधीच सक्तीचं झालं होतं. त्यातली माहिती युरोपीय आयोगाने २०२४च्या मार्चमध्ये मांडली: साध्या पेट्रोल-डिझेलच्या गाड्या प्रयोगशाळेपेक्षा सुमारे २० टक्के जास्त कार्बन सोडतात, आणि प्लग-इन हायब्रिड साडेतीन पट.

काहीतरी करणं भाग आहे, हे आयोगाला त्याआधीच कळलं होतं. गाडीत यंत्र आहे, गाडी कधी प्लगला लागली हे तिला स्वतःला ठाऊक आहे. तेव्हा ज्याने लावली त्याला सवलत, नाही लावली त्याला नाही, असं एखाद्या शाळामास्तराने सुचवलं असतं. ब्रसेल्समध्ये शाळामास्तर नसावेत. आयोगाने सूत्र बदलायचं ठरवलं होतं. २५ किलोमीटरवाल्या नियमाच्या जागी आलेल्या, लोक किती प्रवास विजेवर करतात हे गृहीत धरायच्या सूत्रात ८०० किलोमीटर हा एक आकडा होता. तो २०२५पासून २,२०० झाला, आणि २०२७पासून ४,२६० व्हायचं ठरलं. आकडा जितका मोठा, तितका माणूस वायरीचा कंटाळा करणारा समजायचा. म्हणजे कंटाळ्याला किलोमीटरचं माप लागलं आणि ते राजपत्रात छापून आलं. आदर्श माणसाला सेवानिवृत्त करून त्याच्या जागी आळशी माणसाची रीतसर नेमणूक झाली. मोटारवाल्यांना हे पसंत नाही. आपल्या गिऱ्हाइकाला सरकारने इतकं नीट ओळखावं, हे कोणत्या दुकानदाराला आवडेल?

आमची एक नम्र सूचना आहे. अनुदान गाडीला न देता वायरीच्या प्लास्टिकला द्यावं. फाडलेलं वेष्टन खिडकीवर जमा करा, पैसे घेऊन जा. तोटा एवढाच की आठवडाभरात बाजारात नुसती फाडलेली वेष्टनं विकायला येतील, आणि वायर तशीच राहील, आता उघडी.

आपल्याकडे ही वेळच येऊ नये याची खबरदारी पहिल्यापासून घेतलेली आहे. विजेच्या गाड्यांसाठीच्या २०१५च्या फेम योजनेत आपण सौम्य हायब्रिड गाड्यांनाही १३,००० रुपयांपर्यंत अनुदान देऊन टाकलं. या गाड्या नुसत्या विजेवर एक इंचही हलत नसत. इंजिनाला थोडा हात द्यायचा, एवढंच त्या विजेचं काम. २०१७च्या एप्रिलपासून ते बंद झालं. आता ग्रँड व्हिटारा, हायरायडर, इनोव्हा हायक्रॉस अशा ‘स्ट्राँग’ हायब्रिड रस्त्यावर आहेत. विजेवर त्या खरंच चालतात, शहरात अ‍ॅव्हरेजही चांगलं देतात, पण बाहेरून वीज घ्यायला तोंड नाही. म्हणून त्यांना ‘स्वतः चार्ज होणारी’ म्हणायचं. नॉर्वेच्या ग्राहक प्राधिकरणाने २०२०मध्ये टोयोटाला ही भाषा वापरू नका म्हणून सांगितलं. वीज येते ती पेट्रोलातूनच, मग ‘स्वतः’ कसली? नॉर्वेजियन माणूस शब्दाला फार धरून असतो. आपण श्रद्धेने घेतो.

इतक्या श्रद्धेने, की पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत ‘पार्किंगमधील चार्जिंग’ हा विषय निघाला तेव्हा सचिवांनी सगळ्यात आधी बी-विंगमधल्या हायब्रिडवाल्यांनाच उभं केलं.

“गाडी विजेची आहे ना तुमची? चार्जिंग कुठून करता?”

“करत नाही हो. ती स्वतः चार्ज होते.”

“स्वतः म्हणजे? पार्किंगमधले सगळे पॉइंट कॉमन मीटरवर आहेत.”

“पण गाडीला प्लगच नाहीये!”

“वायरलेस असेल,” मागून कुणीतरी म्हणालं, आणि सभेत गांभीर्य पसरलं. खजिनदारांनी लिफ्टचं बिल गेल्या उन्हाळ्यापासून वाढल्याचं सांगितलं. ए-विंगमधल्या काकूंनी रात्री त्या गाडीत लाल दिवा लुकलुकताना स्वतः पाहिला होता. महावितरणमधून निवृत्त झालेल्या एका काकांनी वीज शून्यातून तयार होत नाही, हे भौतिकशास्त्राच्या आधारे पटवून दिलं, आणि त्यांचं म्हणणं कुणालाच खोडता येईना. शेवटी ठराव झाला: प्रत्येक हायब्रिड गाडीमागे दरमहा ५०० रुपये चार्जिंग आकार, गाडीस प्लग असो वा नसो. सूचक ए-विंग, अनुमोदक सी-विंग.

आता बी-विंगवाले भांडणार, निबंधकांकडे जाणार, म्हणून सगळे सरसावून बसले. त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, “पावती लेटरहेडवर मिळेल ना? गाडी कंपनीची आहे.”