चार पंखांचं चिलट

"काकू, राग नका मानू, पण काल रात्री साडेअकराला तुमची नात स्कूटीवरून कुठे निघाली होती?"

"राग कसला! अख्ख्या गल्लीनं विचारून झालंय. प्रयोगशाळेत गेली होती, चिलटं वेगळी काढायला."

"चिलटं? केळ्यांवर बसतात ती?"

"तीच. आंब्यात अळ्या करते ती फळमाशी वेगळी हं. ही लाल डोळ्यांची, दोन-तीन मिलिमीटरची. काचेच्या नळ्यांत पाळतात. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट असलं काहीबाही शिजवून घालतात खायला. आणि कोशातून नुकत्या निघालेल्या माद्या आठेक तासांच्या आत बाजूला काढायच्या. उशीर झाला की त्यांचं जमलेलं असतं, मग पिल्लं कुठल्या नराची याचा हिशेबच लागत नाही."

"शी! एवढी शिकून हेच?"

"नाक नको मुरडूस. दहा-बारा दिवसांत अंड्याचं चिलट होतं, म्हणून शंभर वर्षं ते शास्त्रज्ञांचं लाडकं आहे. 1910 मध्ये न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात, मॉर्गनसाहेबांना पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला आणि तिथून जनुकं गुणसूत्रांवर बसलेली असतात हे उलगडत गेलं. 1933 चं नोबेल मिळालं त्यांना. 2000 साली तर चिलटाचा जीनोम वाचून झाला. साडेतेरा हजारांच्या आसपास जनुकं निघाली."

"आणि आपली?"

"प्रथिनं बनवणारी म्हणशील तर वीसेक हजार."

"बस्स? एवढी आपली मिजास, आणि चिलटाच्या दीडपट फक्त?"

"मीही तेच म्हटलं. तेव्हा तिनं फोटो दाखवला, चार पंखांच्या चिलटाचा."

"चिलटाला दोनच असतात ना?"

"दोनच. मागच्या जोडीच्या जागी इवल्याशा दोन गाठी, उडताना तोल सांभाळायला. तिथे पंख होऊ न देणारं जनुक म्हणजे अल्ट्राबायथोरॅक्स. कॅलिफोर्नियात, कॅलटेकमध्ये, एड लुईस यांनी तीन बिघाड एकाच चिलटात जमवून आणले, तर गाठींच्या जागी चक्क आणखी पंख! माणूस मोठा हौशी, बासरीसुद्धा वाजवायचा. 1995 चं नोबेल मिळालं. न्युसलाइन-फोलहार्डबाई आणि विशाउस वाटेकरी होते."

"मग दुप्पट उडत असेल की!"

"कसलं उडतंय! पंख आले, पण ते हलवणारे स्नायू नकोत?"

"म्हणजे जनुक बिघडलं."

"नाही ना! जनुक शाबूत. शेजारच्या डीएनएत त्याची बटणं असतात. शरीराच्या या भागात चालू हो, त्या भागात गप्प बस, असं सांगणारी. मोडली ती बटणं."

"हे आमच्या जाऊबाईंसारखं झालं. बोलावणंच गेलं नाही, आणि वर 'आल्या नाहीत' म्हणून बोभाटा!"

"अगदी! आता खरी मजा ऐक. मधमाशीला मागचे पंख असतात, आणि अल्ट्राबायथोरॅक्स तिच्या मागच्या पंखातही हजर असतं."

"मग तिथे कसं उगवू देतं?"

"ते स्वतः पंख बनवतही नाही आणि मोडतही नाही गं. त्याचं प्रथिन इतर जनुकांच्या बटणांवर जाऊन बसतं. चिलटात पंख वाढवणारी बरीच जनुकं त्याच्या हुकमात आली, मधमाशीत ती आली नाहीत. पुण्याच्या आयसरमध्ये एल. एस. शशिधर यांच्या प्रयोगशाळेनं वर्षानुवर्षं हाच शोध घेतला, कुठल्या किड्यात कोण कोणाचं ऐकतं."

"आणि फुलपाखरू?"

"त्याच्या मागच्या पंखांची नक्षी पुढच्याहून वेगळी असते ना? त्यातही याचाच हात."

"बाई बाई! एका घरी तोल सांभाळतंय, दुसरीकडे रांगोळ्या काढतंय. आपल्यात नाही ना हे?"

"याच्या भाऊबंदांचे चार संच आहेत आपल्यात, सगळी मिळून एकोणचाळीस जनुकं. मानेचे मणके कुठे संपतात, बरगड्या कुठून सुरू होतात, यात त्यांचा शब्द चालतो."

"तरीच! माझी मान दोन महिने दुखतेय."

"तुझी मान मोबाइलनं दुखते. त्याला चिलट काय करणार?"