गावचं घर फुकटच!

काय हो काकू, कौलं परतायला माणूस मिळाला म्हणे तुम्हाला? मग त्याला जाताजाता इकडे पाठवा. मे निम्मा सरला नि आमच्या पडवीतून अजून आभाळ दिसतंय! काल वानरांची टोळी आली होती. फणस खायचे तर खा बापड्यांनो, कोण नाही म्हणतंय? पण उडी मारायची ती नेमकी पडवीवर. सात कौलं गेली.

तुम्हाला वाटेल, सात कौलांचे ते काय पैसे! तिथंच तर फसायला होतं. आमची कौलं सासऱ्यांच्या वेळची, मंगलोरी. नवं कौल त्यांच्या खाचेत बसतच नाही, कारखान्यागणिक साचा निराळा. मंगळुरात बासेल मिशनवाल्यांनी 1865 साली पहिला कारखाना काढला, मग ज्याने त्याने काढला. पण खाच एकसारखी ठेवायला कुणाचं काय जात होतं? आता कुठं जुनं घर उतरवतायत ते शोधत फिरा. केळशीकडे एक आहे म्हणून कळलं, तर टेम्पोचं भाडं कौलांच्या तिप्पट. त्यात माणूस वर चढला की तिथूनच ओरडणार, ‘वहिनी, रीप वाळवीनं खाल्लीय!’ की बोलवा सुतार. सुतार वासा ठोकून म्हणणार, हाही पोकळ. मग औषध मारणारा येऊन भिंतीकडेनं जमिनीला भोकं पाडणार. ती भोकं बुजवायला गवंडी, तो वेगळाच.

पत्रे घाला म्हणतात सगळे. घालते की! समुद्र हाकेवर, खाऱ्या वाऱ्यानं पत्रा गंजतो, उन्हाळ्यात आत भाजून निघायचं, आणि पावसात शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. (ह्यांना ते चालेल म्हणा.)

धाकटे भावोजी मुंबईहून फोनवर म्हणतात, ‘वहिनी, तुमचं बरंय, मेंटेनन्स नाही.’ त्यांना घरपट्टीचा आकडा तेवढा ठाऊक. त्यांच्या सोसायटीचं बिल महिन्याच्या महिन्याला येतं, छापील, तारखेसकट. आमचं बिल वानर घेऊन येतात!

आणि पूर्वी हा खर्च नव्हता असं थोडंच? घरातल्या घरात मुरायचा. कौलं सासरे स्वतः परतायचे, विहिरीतला गाळ दीर काढायचे, परसातलं गवत गुरं खायची. आता गोठ्यात मोटारसायकल उभी आणि गवताला ग्रासकटरवाला. पेट्रोल आपलं, चहा-नाश्ता आपला, आणि पावसाळ्यात एकदा कापून भागतंय थोडंच? गणपतीत कापलेलं नवरात्रात गुडघ्याला लागतं. न कापावं तर फुरसं. गेल्या साली विहिरीच्या पायरीवरच होतं की, बघितलंत ना तुम्हीपण.

माडांचं तर विचारूच नका. 3 जून 2020 ला निसर्ग वादळानं आमचे निम्मे माड आडवे केले. तेव्हा पडलेल्या माडालाही पैसे लागतात हे कळलं. तोडायला वेगळे, ओढून बाहेर काढायला वेगळे. नवे लावले, त्यांना आत्ता कुठं पोय येतेय. उरलेल्यांवर चढायला पाडेली मिळेल तर शपथ. तो आला तर माडामागे शंभर रुपये, वर शहाळं. आणि नाही आला तर पिकला नारळ आपणहून पडणार, तोही कुठं? पडवीवर!

पंप गेल्या आठवड्यात जळला, ते पुराण नंतर सांगते. चुलीवर आमटी आहे.

हां, एक राहिलंच. ग्रासकटरवाला तुमच्याकडे यायचा असला की गडग्यावरून मला हाक मारा. एकाच दिवसात दोन्ही परसं उरकू. त्याचा येण्याजाण्याचा खर्च निम्मा तुमचा, निम्मा माझा, आणि नाश्त्याचे पोहे माझ्याकडे.