हुक लावण्याची शास्त्रोक्त पद्धत

बेंगळुरूत बेळ्ळंदूरच्या कंपनीत रुजू झालात की एक काम हमखास पदरात पडतं: ‘कुठलं रेकॉर्ड कोणी, कधी बदललं याची नोंद ठेवा. सोपंच आहे.’ सोपंच आहे म्हणणारा बहुधा दुसऱ्या टीमचा असतो.

पायथनमध्ये डेटाबेसशी बोलायला एसक्यूएलअल्केमी ही लायब्ररी आहे, २००६ पासून. तिच्या सेशनच्या ‘बिफोर फ्लश’ला, म्हणजे बदल डेटाबेसात लिहिले जाण्याआधीच्या क्षणाला, हुक लावावा, ‘डर्टी’ यादीवरून लूप फिरवावा आणि सापडेल त्याची नोंद ऑडिट टेबलात करावी. ही यादी जुन्या आजीबाईंचं सोवळं पाळते: हात लागला की ओवळं, डाग पडलाय का हा प्रश्नच नाही. शहर ‘पुणे’ होतं आणि कोडने पुन्हा ‘पुणे’च भरलं, तरी ऑब्जेक्ट यादीत. खरा बदल सांगणारी ‘इज मॉडिफाइड’ मेथड आहे, पण ती वापरल्यास टेबल फुगत नाही आणि मॅनेजरला दाखवायला आकडा उरत नाही. उलट जेसन कॉलममधल्या डिक्शनरीत आतली एखादी व्हॅल्यू गुपचूप बदलावी. ‘म्युटेबल डिक्ट’ लावलेला नसेल, तर सेशनला पत्ताही लागत नाही.

‘बिफोर अपडेट’ हुकमध्ये दुसऱ्या ऑब्जेक्टला हात लावू नये, असं डॉक्युमेंटेशन सांगतं. कारण कोणती रो लिहायची हे तोवर ठरलेलं असतं, तुमचा बदल मागे राहू शकतो. डॉक्युमेंटेशन वाचायची पद्धत आपल्याकडे नाही, तेव्हा पुढे चला.

खरी गंमत ‘आफ्टर फ्लश’मध्ये आहे. इथे नव्या ऑब्जेक्टची नोंद करणारी नवी ऑडिट रो सेशनमध्ये टाकावी. कमिट पाहतं, सेशनमध्ये अजून काही शिल्लक आहे. ते पुन्हा फ्लश करतं. ऑडिट रो हासुद्धा नवा ऑब्जेक्टच, म्हणून हुक तिचीही नोंद करतो. मग नोंदीच्या नोंदीची नोंद. १०० फ्लश झाले की लायब्ररी हात टेकते आणि एररमध्येच विचारते, तुमचा आफ्टर फ्लश हुक नवे ऑब्जेक्ट तर तयार करत नाही ना? इतका नेमका संशय कोड रिव्ह्यूमध्ये कुणालाच आलेला नसतो. या एररचा अलर्ट तुम्ही सिल्क बोर्डच्या चौकात कॅबमध्ये अडकलेले असतानाच येतो. लॅपटॉप मांडीवर उघडावा, ड्रायव्हरकडे हॉटस्पॉट मागू नये.

ऑडिटच्या क्लासला वगळणारी एक ‘इफ’ टाकली की सगळं सुरळीत. त्यानंतर डेटा टीम एका रात्री थेट अपडेट स्टेटमेंट चालवते. तिथे ऑब्जेक्ट फ्लशच होत नाहीत, हुक जागा होत नाही, हजारो रेकॉर्ड बदलतात आणि ऑडिट टेबलात एक ओळही नाही. हे उघडकीला येईपर्यंत तुमचा ९० दिवसांचा नोटीस पीरियड संपत आलेला असावा. हँडओव्हरमध्ये लिहावं: ‘सोपंच आहे.’