डावा बाहेरचा

मंगल कार्यालयात अक्षता पडल्या की पाहुणे पंगतीकडे वळतात आणि नाना पार्किंगकडे. तिथे गेटाजवळच्या भिंतीला टेकून ते निघणाऱ्या गाड्या ऐकत उभे राहतात. एखादी फोर-बाय-फोर स्टेअरिंग पूर्ण कापून उजवीकडे वळली आणि चाकापाशी कट्-कट्-कट् झालं, की नाना डोळे मिटतात. "डावा बाहेरचा," ते खालच्या आवाजात म्हणतात. "गेला." शेजारचा अनोळखी पाहुणा दचकून विचारतो, "अरेरे! कुणाकडचे होते?"

मग त्या बिचाऱ्याला जेवणाआधी सीव्ही जॉइंट, म्हणजे चाकाला ओढ देणाऱ्या दांड्यातला सांधा, ऐकावा लागतो. वळणावर भार बाहेरच्या चाकावर येतो, म्हणून उजव्या वळणाला वाजला तर बहुधा डावीकडचा; बाहेरचा म्हणजे चाकाजवळचा, आतला म्हणजे डिफरेन्शियलजवळचा. तोवर मठ्ठा संपलेला असतो.

नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. कोयनेच्या खोऱ्यात सरकारी जीपमधून हिंडण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. आता साताऱ्यात आमच्याच सोसायटीत राहतात आणि स्वतःची जुनी फोर-बाय-फोर बाळगून आहेत. त्या गाडीतला टेप त्यांनी काढून टाकलाय. गाडीत गप्पा मारायलाही बंदी, कारण आवाज दबतो. यवतेश्वराचा घाट चढून लोक कासला फुलं बघायला जातात. नाना घाटातली वळणं ऐकायला जातात. काकूंची जागा मागे डावीकडे, पुतणीची उजवीकडे, आणि दोघींनी आपापल्या चाकाचा अहवाल द्यायचा. इतक्या वर्षांत काकू अशा तयार झाल्यात की परवा मटार सोलता सोलता त्यांनी शेजारच्या जोश्यांच्या गाडीचं निदान केलं: "सरळ चढाला दाबल्यावर थरथरते ना? आणि पाय काढला की थांबते? मग आतला बघा."

नानांच्या देव्हाऱ्यात फोटो नाही एवढंच, पण त्यांचं खरं दैवत रझेप्पासाहेब. नाव ऐकून बराच काळ आम्हाला वाटायचं, गडहिंग्लजकडचा कुणी जुना मिस्त्री असावा. हा आल्फ्रेड रझेप्पा निघाला अमेरिकेतल्या फोर्ड कंपनीतला इंजिनिअर. प्रोपेलर शाफ्टचा साधा क्रॉस वाकवून फिरवला तर पुढचा दांडा एका फेऱ्यात दोनदा पळतो आणि दोनदा रेंगाळतो. पुढचं चाक वळवायचं आणि त्यालाच ओढही द्यायची, तर हे चालत नाही, स्टेअरिंग हातात उड्या मारतं. रझेप्पाने १९२६ साली यावर तोड काढली: सहा गोळ्या, त्यांना खाचा, आणि गोळ्यांना नेहमी दोन्ही दांड्यांमधल्या कोनाच्या बरोबर मध्यावर धरून ठेवणारा पिंजरा. सांधा वाकला तरी वेग तोच. हे सांगताना नानांच्या हातात लाडू असेल तर तो गोळी होतो आणि ताट पिंजरा.

पण सांध्याइतकाच त्यांचा जीव बुटावर. रबराचा, घड्याघड्यांचा, आत काळं मॉली ग्रीस कोंडून ठेवणारा बूट. तो फाटला की चाक फिरता फिरता ग्रीस बाहेर फेकतं, आत चिखल-पाणी जातं आणि गोळ्या खाचा कुरतडू लागतात. म्हणून नाना रोज सकाळी बॅटरी घेऊन पार्किंगमधल्या गाड्यांच्या चाकांची आतली बाजू तपासतात. काळे शिंतोडे दिसले की थेट खाली. एका नव्या भाडेकरूने आपल्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले बघून वॉचमनला हाक मारली. पाय हलले नाहीत, आवाज तेवढा आला: "स्टेअरिंग जरा डावीकडे कापा हो, घड्या उघडू देत. हां, चीर आहे. अजून वाजत नाही ना? मग वेळ आहे. खोला, धुवा, ग्रीस भरा, नवा बूट, नव्या क्लिपा. वाजायला लागल्यावर नुसता बूट बदलणं म्हणजे मेल्यावर अंगारा."

नाना बरोबर असतात, हीच त्यांची खरी अडचण. गॅरेजवाला डब्यातलं साधं ग्रीस थापायला लागला की ते खिशातून मॉलीची ट्यूब काढतात. हबचा जुनाच नट पान्ह्याला पाइप अडकवून आवळला जात असेल तर तिथेच ठिय्या: नट नवा पाहिजे, टॉर्क रेंच पाहिजे. गॅरेजातली पोरं त्यांना लांबून येताना बघून शटर अर्धं ओढतात म्हणे. एकदा मिस्त्रीने सुचवलं, डावा सांधा उजवीकडे आणि उजवा डावीकडे टाकू, आवाज जाईल. नाना संतापले, घरी आले, कागदावर खाचा काढून बसले आणि त्यांच्या लक्षात आलं की असं केलं तर गोळ्यांचा दाब खाचांच्या न झिजलेल्या बाजूवर येतो. मिस्त्रीला मात्र त्यांनी हे अजून सांगितलेलं नाही.

कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-हाय टाकून वळणारी आणि गाडी अडखळते म्हणून तक्रार घेऊन येणारी तरुण मंडळी त्यांना अजिबात खपत नाहीत. फोर-हायमध्ये असल्या गाडीची पुढची-मागची चाकं एकमेकांना बांधलेली. वळणावर पुढच्यांना लांबचा पल्ला, मागच्यांना जवळचा, आणि कोरड्या रस्त्यावर घसरायला जागा नाही. "हा आजार सांध्याचा नव्हे," नाना म्हणतात, "मालकाचा आहे."

गेल्या महिन्यात याच पुतणीला बघायला पाहुणे आले, तेही फोर-बाय-फोरमधून. पोहे आले तरी नानांचा पत्ता नाही. ते वर आले तेव्हा सदऱ्याची पाठ मातीने भरलेली. बसायच्या आधीच त्यांनी मुलाला विचारलं, "उजवा बूट फाटलाय. माहीत आहे?"

"हो. नवा मागवलाय, शनिवारी येतोय."

"ग्रीस?"

"मॉली."

"नट?"

"नवीनच टाकणार."

नाना बसले आणि पोह्यांची बशी पुढे ओढली. चहाचा ट्रे घेऊन पुतणी बाहेर आली, कप ठेवता ठेवता मुलाला म्हणाली, "उजवा बदलताय तर डावाही बघून घ्या. दोघांचं वय एकच असतं."

मुलाची आई हळूच उठली आणि दाराबाहेर काढून ठेवलेल्या मुलाच्या पायताणांवर एक नजर टाकून आली.