पुस्तकावर मत कसं द्यावं : सातारा-सांगलीच्या वाचकांसाठी

पुस्तकावर मत द्यायचं तर आधी ते वाचावं लागतं, हा गैरसमज प्रथम दूर करू. वाचणाऱ्याचं मत नेहमी पडेल असतं. ‘बरं आहे, मधे जरा लांबलंय,’ यापलीकडे त्याची गाडी जात नाही. न वाचणाऱ्याचं मत कसं खणखणीत असतं पाहा. ‘कोसला? वीस पानांपुढं कुणी गेलंय का सांगा!’ ही कादंबरी 1963 साली आली, आणि हे वाक्य म्हणायला तेव्हापासून आजवर वीस पानांचीही गरज पडलेली नाही.

मत देण्याची पहिली जागा म्हणजे वाचनालयाचा देवघेव विभाग. साताऱ्याचं नगर वाचनालय 1852 सालचं आहे, म्हणजे बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटायच्या आधीचं. एवढी जुनी परंपरा आपल्या खांद्यावर आहे याचं भान ठेवून पुस्तक बदलायला जावं. ग्रंथपालबाई रजिस्टरवर मान खाली घालूनच विचारतात, ‘कसं वाटलं?’ यावर ‘शेवट नाही पटला’ असं उत्तर द्यावं. कुठल्याही पुस्तकाला ते चालतं आणि आपण शेवटपर्यंत पोचलो होतो हेही परस्पर सिद्ध होतं. कवितासंग्रहाला मात्र हे उत्तर देऊ नये. बाई वर बघतात.

खरी समीक्षा होते ती समासात. वर्तमानपत्रातलं परीक्षण लेखकाच्या मित्रानं लिहिलेलं असतं, संमेलनातलं भाषण मानधनाच्या पाकिटावर डोळा ठेवून केलेलं असतं. समासातला शेरा निनावी, फुकट आणि म्हणूनच बावनकशी. कौटुंबिक कादंबरीत नायिका सासर सोडते त्या ओळीखाली रेघ मारून ‘माझंही असंच झालं’ असं लिहावं. काही वर्षांनी त्याखाली दुसऱ्या हातानं ‘मग इथं कशाला सांगता?’ असं उमटतं आणि पुढच्या सभासदाला कादंबरीपेक्षा ते जास्त वाचनीय वाटतं. रहस्यकथेत एखादं पात्र पहिल्यांदा दारातून आत येतं तिथं त्याच्या नावाभोवती गोल करून ‘हाच तो’ असं लिहिण्याची चाल जुनी आहे. ती दुष्टपणाची आहे, पण आपल्याआधी कुणी लिहिलं नसेल तर मोह आवरणं कठीण जातं. चुकीच्या पात्राभोवती गोल करणारे वाचक मला जास्त प्रतिभावंत वाटतात. निवृत्त शिक्षकांनी आशयाच्या भानगडीत पडू नये. चारशे पानांतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त कराव्यात आणि अखेरच्या पानावर सही ठोकून ‘अशुद्ध’ एवढंच लिहावं.

आता जिल्हावार सूचना.

साताऱ्यात ऐतिहासिक कादंबरीवर मत देताना पहिला प्रश्न ‘संदर्भ काय?’ हा टाकावा. समोरच्यानं संदर्भ दिला तर ‘आमच्या घरी मोडी कागद आहेत, त्यात वेगळंच आहे,’ असं शांतपणे सांगावं. मोडी त्यालाही येत नाही, आपल्यालाही येत नाही, त्यामुळं वाद तिथंच मिटतो. इतिहासाच्या प्राध्यापकापुढं ‘कादंबरी म्हणून उत्तम’ म्हणावं, कादंबरीकारापुढं ‘इतिहास म्हणून उत्तम’. दोघं एका व्यासपीठावर असतील तर चहाला उठावं. 2026 च्या जानेवारीत 99 वं साहित्य संमेलन साताऱ्यात भरलं, अध्यक्ष ‘पानिपत’कार विश्वास पाटील. त्यांच्याबरोबर ज्यांनी फोटो काढून घेतला, त्यांना ‘पानिपत’वर तहहयात मत देण्याचा अधिकार आहे असं समजायला हरकत नाही.

मर्ढेकरांचं मूळ गाव मर्ढे, तेही साताऱ्याजवळचंच. त्यांच्या ‘काही कविता’ 1947 साली आल्या आणि अश्लीलतेचा खटला त्यांच्या मागं लागला. सातारकरानं यावर दोन वाक्यं पाठ ठेवावीत: ‘काळाच्या पुढं होते’ आणि ‘दुर्बोध आहेत’. ही दोन्ही एका दमात म्हणता येतात, आणि पहिल्या वाक्यामुळं दुसऱ्याची लाज वाटत नाही.

सांगलीत सुरुवात खांडेकरांपासून. ते 1898 साली सांगलीत जन्मले. पुढं शिरोड्याला शिक्षक झाले, कोल्हापुरात स्थिरावले, पण म्हणून त्यांच्यावरचा हक्क सोडायचं कारण नाही. मराठीला पहिलं ज्ञानपीठ ‘ययाति’मुळं 1974 साली मिळालं. या कादंबरीवरचं मत वयाप्रमाणं बदलावं. विशीत देवयानीचा राग यावा, चाळिशीत शर्मिष्ठेचा पुळका. साठीनंतर मुलाकडं तारुण्य मागणाऱ्या बापाची बाजू हळूहळू पटायला लागते, मात्र हे मत जेवणाच्या ताटावर, मुलांसमोर देऊ नये.

गंभीर मताला वजन हवं असेल तर ‘हातकणंगलेकर सर मला एकदा म्हणाले होते’ अशी सुरुवात सांगलीत अजून चालते. म. द. हातकणंगलेकर विलिंग्डन महाविद्यालयात होते, 2008 च्या सांगली संमेलनाचे अध्यक्ष होते आणि त्यांनी खरोखरच खूप वाचलं होतं. 2015 साली ते गेले, त्यामुळं ते काय म्हणाले होते हे आता आपणच ठरवायचं.

आटपाडीकडच्या वाचकाचं मत सगळ्यात आखूड. ‘बनगरवाडी’ 1955 सालची, माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांची. ती वाचून तिकडचा माणूस म्हणतो, ‘ह्यात काय हाय? आमच्यात असंच असतंय.’ पुण्यातल्या समीक्षकांनी हीच गोष्ट सांगायला लेखच्या लेख खर्ची घातले. इथं माझी काही सूचना नाही. त्यांनी आम्हाला शिकवावं.

अण्णाभाऊ साठे वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. त्यांच्या ‘फकिरा’वर मत देण्याचा हंगाम ठरलेला आहे: 18 जुलैची पुण्यतिथी ते 1 ऑगस्टची जयंती. या पंधरवड्यात ‘उपेक्षित’ हा शब्द भाषणात निदान तीनदा आला पाहिजे. 2 ऑगस्टला पुस्तक कपाटात. त्यांची उपेक्षा कुणी केली, हे उरलेल्या साडेअकरा महिन्यांत सभासदांच्या नोंदवहीवरून कळू शकतं, पण ती वही पाहण्याची पद्धत नाही.

भिलारला मात्र यातलं काही चालत नाही. महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवरचं हे गाव 4 मे 2017 ला ‘पुस्तकांचं गाव’ झालं, सुरुवातीला पंचवीस ठिकाणी पुस्तकं ठेवली गेली, त्यातली बरीच लोकांच्या राहत्या घरांत. तुम्ही त्यांच्या ओसरीवर बसलेले, आतून चहा आलेला, मालक समोर उभे. अशा वेळी अभिप्रायाची वही पुढं आली तर त्यांच्या कपाटातल्या पुस्तकाला ‘टुकार’ कसं म्हणणार? म्हणून तिथं स्ट्रॉबेरीवर लिहावं, हवेवर लिहावं, वहिनींच्या चहावर लिहावं. पुस्तकाला ‘उपक्रम स्तुत्य’ या दोन शब्दांत गुंडाळावं.

साधनांविषयी थोडं. शेरा शिसपेन्सिलीनं मारावा, शाईपेननं नाही. शाई पाण्यात पसरते, पेन्सिल पसरत नाही, आणि कृष्णाकाठी हा विचार करावाच लागतो. अर्थात 2019 च्या ऑगस्टमध्ये महापूर सांगलीच्या नगर वाचनालयात शिरला, हजारो पुस्तकं भिजली, तेव्हा पेन्सिलवाले आणि शाईवाले सारखेच बुडाले. कागदाचाच लगदा झाला की त्यावरचं मत कुठं राहणार? दुर्मीळ ग्रंथ गेले तसे कुणाच्या तरी आजोबांनी समासात घातलेले वादही गेले, आणि त्यांची दुसरी आवृत्ती निघत नाही.

तेव्हा शेवटची सूचना, ही गंभीरपणे घ्यावी. घरातली चांगली पुस्तकं जवळच्या वाचनालयाला द्या. मुलांची जुनी गाइडं आणि लग्नात आहेर म्हणून आलेली, न उघडलेली काव्यं देऊ नका. आणि देण्याआधी एकदा वाचा.