साडू आणि सरकतं दार

मुंबईच्या लोकलला दार असतं, हे मुंबईकरांना २५ डिसेंबर २०१७ रोजी कळलं. त्या दिवशी पश्चिम रेल्वेवर बोरिवलीहून चर्चगेटला पहिली एसी लोकल सुटली आणि सुटण्याआधी तिची दारं आपोआप मिटली. तोपर्यंत आपल्याकडे होती ती दाराची जागा. तिथे माणसं असत. वर्तमानपत्रांनी थंड हवेचं कौतुक केलं. पण थंड हवा काय, बँकेतही मिळते, तिथे तर तिकीटही लागत नाही. खरी उलथापालथ केली ती दाराने.

तशी विजेची गाडी मुंबईला नवी नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते व्हीटी ते कुर्ला ही देशातली पहिली विजेवरची गाडी सुरू झाली. डबे चार. आज चार डब्यांत डोंबिवलीची एक गल्ली जाते, आणि तीही एका पायावर. मग १९२८ साली कुलाबा ते बोरिवली वीज आली, पुढे डबे नऊ झाले, बारा झाले, पंधरा झाले. २००७ साली जांभळ्या-पांढऱ्या गाड्या आल्या, छतातून हवा आत सोडणाऱ्या. प्रवाशांनी वर बघितलं, ‘बरंय’ म्हटलं आणि पुन्हा दारात जाऊन उभे राहिले.

एसी गाडीची कथाही सरळ नाही. चेन्नईच्या कारखान्यातून ती एप्रिल २०१६ मध्ये कुर्ल्याच्या कारशेडला येऊन दाखल झाली. तिथे लक्षात आलं की बाई जरा उंच आहेत. मध्य रेल्वेवरचे जुने पूल ठेंगणे, त्यांच्याखालून जाताना डोकं लागेल. चर्चा झाल्या, मोजमापं झाली आणि गाडी शेवटी पश्चिम रेल्वेला मिळाली. आमच्या मध्य रेल्वेच्या प्रवाशांनी याचा अर्थ इतकाच घेतला की थंड हवा आपल्याकडे निघाली होती, पार कुर्ल्यापर्यंत आली होती आणि तिथून बोरिवलीला गेली. आमच्याकडे ती उगवली २०२० साली. आधी ट्रान्स-हार्बरवर आणि डिसेंबरात मुख्य मार्गावर. आमच्या अण्णांना ही तीन वर्षं अजून बोचतात. खरं तर त्यांना एसी नकोच होता. पण पश्चिमवाल्यांना आधी मिळाला, हे वेगळं दुःख आहे.

अण्णा म्हणजे आमचे साडू. त्यांची सगळी नोकरी डोंबिवली फास्टच्या दारात झाली. फोर्टातल्या कचेरीत ते रोज काही तास बसत, ते विश्रांतीसाठी. दारात कुणी कुठे उभं राहायचं, नवख्याला आत कसं ढकलायचं, ठाण्याला चढणाऱ्याला किती इंच द्यायचे, ही सगळी घटना त्यांना तोंडपाठ. निवृत्तीच्या दिवशी कचेरीने त्यांना शाल दिली. दारातल्या मंडळींनी मात्र घाटकोपरपासून सीएसएमटीपर्यंत सलग खांब धरायला दिला. अण्णा शालीबद्दल कधी बोलत नाहीत.

मग ९ जून २०२५ चा सोमवार उजाडला. मुंब्र्याच्या वळणावर दोन खचाखच भरलेल्या गाड्या एकमेकींच्या शेजारून गेल्या, दारात लटकलेली माणसं खाली पडली, काहींचा जीव गेला. त्याच दिवशी रेल्वेने सांगितलं की आता बिनएसीच्या नव्या गाड्यांनाही आपोआप मिटणारी दारं बसवू. दारांना हवेसाठी झडपा ठेवू, छतातून हवा आत घेऊ, डबे आतून जोडू. आमच्या ताईंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, दारांची वाट पाहिली नाही. त्यांनी संध्याकाळीच अण्णांना गळ्याची शपथ घातली: यापुढे दारात उभं राहायचं नाही.

नोव्हेंबर आला. निवृत्तीवेतनासाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. तो घरबसल्या मोबाईलवरही देता येतो, पण अण्णांचा मुद्दा असा की मोबाईलवर कुणीही जिवंत असतं. फोर्टातल्या बँकेत जाऊन साहेबासमोर उभं राहायचं म्हणजे राहायचं. ताईंनी एसी लोकलची अट घातली आणि देखरेखीला मला सोबत दिलं. अण्णांनी खिडकीवर जाऊन दोघांचं मिळून एक तिकीट काढलं आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं. वेळ मात्र त्यांनी निवडली ती सकाळची, ऐन गर्दीची. दुपारची मोकळी गाडी घेऊ म्हटलं तर माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसलो.

अण्णांची चढण्याची एक पद्धत आहे. गाडी फलाटाला शिरली की तिच्या दिशेने दोन पावलं, मग तिच्याबरोबर चार पावलं, दांडी हाताला लागली की अंग आपोआप आत. गाडी थांबते ती इतरांसाठी. त्या सकाळी एसी लोकल आली, अण्णांनी सवयीने दोन पावलं टाकली, चार टाकली आणि हात घातला. हाताला लागलं गुळगुळीत पोलाद. दांडी नाही, खाच नाही, कुणाचा खांदाही नाही. अण्णा गाडीला कुरवाळत फलाटभर गेले. गाडी थांबली तेव्हा दार त्यांच्या मागे चांगलं दहा हातांवर होतं आणि समोर रांग होती.

त्यानंतर जे घडलं ते मी मुंबईत कधी पाहिलं नव्हतं. गाडी उभी, माणसं उभी, मध्ये बंद दार आणि दोन-तीन सेकंद कुणालाच काही करता येत नाही. डोंबिवलीकराच्या आयुष्यातले हे पहिलेच रिकामे सेकंद. एका गृहस्थांनी तेवढ्यात चष्मा पुसला. दार उघडलं आणि मग सगळं पूर्ववत झालं.

आत शिरल्यावर अण्णा वळले आणि मिटणाऱ्या दाराला टेकून उभे राहिले.

‘‘अण्णा, शपथ!’’

‘‘शपथ दाराची आहे. हे मोजायचं नाही, हे बंद आहे.’’

पण ते बंद कुठे झालं होतं? कुणा मुलाची पाठीवरची सॅक मध्ये आली होती. दार मिटायला निघे, सॅकला लागे आणि परत जाई. ही या गाडीची खरी गंमत. साध्या गाडीत लटकणारा आपापल्या जबाबदारीवर लटकतो, गाडी त्याच्यासाठी थांबत नाही. इथे एक दार जरी उघडं राहिलं तरी गाडी हलत नाही. बसायला १,०२८ जागा आणि एकूण माणसं जवळजवळ सहा हजार, असा या गाडीचा हिशेब रेल्वेनेच सांगितलेला आहे. म्हणजे पाच हजार लोक उभे राहणार, हे कागदावरच मान्य. त्या सहा हजारांचा मस्टर एका सॅकला अडकला होता.

‘‘अरे, पोट आत घे!’’

‘‘माझं नाही, सॅकचं आहे.’’

‘‘मग तिला पुढे घे!’’

‘‘मागून साधी येतेय, तिने या ना,’’ असा एक सल्ला आतून आला. सल्ला देणाऱ्याला बसायला जागा होती, हे आवाजावरूनच कळत होतं.

शेवटी आठ-दहा जणांनी मिळून एकदम श्वास आत घेतला आणि दार मिटलं. रेल्वेच्या भाषेत या अवस्थेला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणतात. एका चौरस मीटरात चौदा ते सोळा माणसं. ज्याने हा शब्द काढला तो नक्कीच कधीतरी कुर्ल्याला चढलेला असणार.

दार मिटलं आणि विलक्षण शांतता झाली. वारा नाही, खडखडाट नाही. अण्णा अस्वस्थ झाले. त्यांना डोळे मिटून स्टेशनं ओळखता येतात: कळव्याला खाडी, शीवच्या अलीकडे मिठी नदी, मस्जिदला मिरची-मसाला. फास्ट गाडी मस्जिदला थांबत नाही, पण वास आपला चढतोच. इथे काचेपलीकडून खाडी गेली आणि तिचा पत्ताही लागला नाही. वास होता तो एकच, कुणाच्या तरी डब्यातल्या जवळ्याच्या चटणीचा. साध्या गाडीत वारा असले वास पुढच्या स्टेशनापर्यंत टाकून देतो. या वासाने सीएसएमटीपर्यंतचा पास काढलेला होता.

शांततेचे आणखीही तोटे आहेत. माझ्या शेजारचा तरुण फोनवर साहेबांना सांगत होता, ‘‘सर, कुर्ल्यात आहे, सिग्नल लागलाय, दहा मिनिटांत पोचतो.’’ त्याच क्षणी वरून घोषणा झाली की पुढील स्टेशन ठाणे. आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. साहेब कुठल्याही प्रांताचे असते तरी त्यांची गैरसोय झाली नसती.

‘‘बघा,’’ अण्णा म्हणाले, ‘‘दारात असता तर नुसता वारा ऐकू गेला असता.’’

मग ते बंद दाराचे इतर धोके सांगू लागले. सगळ्यात मोठा टीसीचा. साध्या गाडीत टीसी दिसला तर पुढच्या स्टेशनला उडी मारून डबा बदलता येतो. इथे तो आणि आपण एकाच कपाटात. शिवाय डबे आतून जोडलेले. तो चालत चालत येतो.

‘‘पण आपल्याकडे तिकीट आहे ना?’’

‘‘आहे ना,’’ अण्णांनी खिशावर थाप मारली. ‘‘मी तत्त्वाचं बोलतोय.’’

तिकिटाचं सांगायचं तर, सुरुवातीची वर्षं या गाडीत गर्दी नव्हतीच. साध्या लोकलचं किमान भाडं ५ रुपये आणि एसीचं ६५, अशी तफावत होती. लोक फलाटावरून तिच्याकडे बघत आणि मागच्या गाडीला लटकत. मे २०२२ मध्ये ते ६५ चे ३० झाले आणि गाडी भरली. रेल्वेला हुरूप आला, एसी फेऱ्या वाढल्या. पण त्या वाढल्या कशा? साध्या फेऱ्या काढून. ऑगस्टमध्ये कळव्याला आणि बदलापूरला लोक चिडून उतरले, तेव्हा मध्य रेल्वेला दहा एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. गारव्याला लोक विटले, असं तेव्हा काही शहाण्यांनी लिहिलं. मला नाही वाटत. ज्याची रोजची गाडी गेली आणि तिच्या जागी जिचा पास परवडत नाही अशी गाडी समोरून बंद दारांनी निघून गेली, त्याने रुळांवर नाही उतरायचं तर काय तिला ओवाळायचं?

घाटकोपर गेलं. मेट्रोची माणसं उतरली, मेट्रोची माणसं चढली. कुर्ल्याचं मी सांगत नाही, माझे डोळे मिटलेले होते. उघडले तेव्हा अण्णांभोवती एक घोळका जमला होता. एका नवख्या मुलीने विचारलं होतं, ‘‘काका, दादर कुठल्या बाजूला येणार?’’ काका एकदम तरतरीत झाले. दांडी गेली, वारा गेला, पण फलाट आपल्या जागीच आहेत. अण्णा हातवारे करून सांगू लागले: कोण उतरणार, कोण नाही, नाही त्यांनी मध्ये सरका, उतरणाऱ्यांनी आत्ताच मागे लागा, ‘‘ओ पांढरा शर्ट, तुम्ही भायखळा ना? मग इथे काय करताय?’’ पांढरा शर्ट मुकाट्याने आत गेला. आठ-दहा जणांची फौज दारापाशी तयार झाली आणि तिच्या अग्रभागी, पाठ दाराला लावून, सेनापती अण्णा.

सीएसएमटीला उतरायचं असताना दादरला दाराशी उभं राहायचं नसतं. हा पाठ अण्णांनीच मला लग्नानंतरच्या पहिल्या भेटीत दिला होता. पण तेव्हा दाराच्या कडेला दांडी होती आणि अण्णांचा हात दांडीवर होता.

दार उघडलं. ‘‘आता चला!’’ अण्णांनी हुकूम सोडला आणि फौजेने तो पाळला. अण्णा पाठमोरेच उतरले. दादरने आपली माणसं घेतली आणि दादरची माणसं आत आली. अण्णा सावरून दारापाशी येईपर्यंत दार मिटायला लागलं होतं. साध्या गाडीत त्यांनी चार पावलांत आम्हाला गाठलं असतं. इथे काचेच्या पलीकडे त्यांचे ओठ जोरजोरात हलत होते आणि हात पुन्हापुन्हा खिशाकडे जात होता. त्यांना छातीत दुखतंय की काय, म्हणून मी घाबरलो. हयातीचा दाखला अजून द्यायचा होता.

गाडी सुटली. समोरची एक जागा रिकामी झाली होती, मी बसलो. आणि खिशाचा अर्थ मला कळायच्या आधी टीसी समोर उभे राहिले. अगदी सभ्य गृहस्थ.

‘‘तिकीट?’’

‘‘तिकीट दादरला उतरलं.’’

इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी पुष्कळ काही ऐकलं असेल, पण हे नसावं. त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं. मी अण्णांना फोन लावला. अण्णा म्हणाले, मागून साधी फास्ट आली आहे, मी चढलोय, टीसीला म्हणावं थांब, तिकीट येतंय. लगेच त्यांनी तिकिटाचा फोटोही धाडला. टीसींनी फोटो बारकाईने पाहिला, दोन प्रवासी, एसी, डोंबिवली ते सीएसएमटी, सगळं बरोबर आहे म्हणाले, आणि फोटो चालत नाही म्हणाले. अडीचशे रुपये दंड, वर भाडं. पावती लिहून होईपर्यंत भायखळा गेलं होतं.

सीएसएमटीला मागची गाडी शिरली तेव्हा ती थांबायच्या आत अण्णा फलाटावर होते. केस सगळे मागे उडालेले, चेहरा लालबुंद.

‘‘दारात होतात?’’

‘‘छे! आत होतो, अगदी आत, पंख्याखाली. शपथ आहे ना.’’

मी पावती पुढे केली. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, आकडा वाचला आणि घडी घालून मला परत दिली.

‘‘ते असू दे. दादरनंतर बसायला मिळालं का?’’

‘‘मिळालं.’’

‘‘मग वसूल.’’